बेल एकदाच वाजवावी

कोथरूडमध्ये सध्या ज्येष्ठ नागरिकांना बरे दिवस आले आहेत. एरवी आमच्याकडे मुद्दाम येणार कोण? पाच वर्षांतून एकदा उमेदवार, वर्षातून एकदा मोफत मोतीबिंदू तपासणीवाले आणि दर महिन्याला मेंटेनन्सची आठवण करून द्यायला सेक्रेटरी. आता मात्र शनिवार उजाडला की सोसायटीच्या फाटकाशी दोन-तीन मुलं-मुली उभी असतात. पाठीला सॅक, हातात वही आणि चेहऱ्यावर पुण्यात सहसा न आढळणारा नम्रपणा. "काकू, दहा मिनिटं वेळ आहे का? यूजर इंटरव्ह्यू घ्यायचाय."

ही मुलं यूआय-यूएक्स शिकत असतात. मोबाइलमधलं ॲप दिसतं कसं, ते यूआय. आणि ते वापरताना डोक्यात किती तिडीक जाते, ते यूएक्स. क्लासच्या नोट्समध्ये याची व्याख्या दीड पान आहे, पण अर्थ एवढाच. तर या मुलांच्या असाइनमेंटमध्ये 'साठीच्या पुढचा एक यूजर' अशी अट असते. कोथरूडमध्ये साठीच्या पुढचा माणूस शोधावा लागत नाही. मात्र साठीच्या पुढचा, रिकामा, स्मार्टफोन बाळगणारा आणि समोरच्याचा प्रश्न संपेपर्यंत थांबणारा, असं सगळं एकत्र मागितलं की यादी एकदम आखूड होते. आमच्या सोसायटीत ती माझ्या दारापाशी येऊन संपते.

मागणी वाढली की भाव वाढतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. ए विंगमधले काका आता आधी विचारतात, "व्हिडिओ काढणार का? थांब मग, शर्ट बदलून येतो." दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर सरळ वस्तुविनिमय सुरू केलाय. "आधी माझ्या फोनमधले गुड मॉर्निंगचे फोटो उडवून दे, मग तुझं ॲप बघते." फोटो उडवता उडवता पोराची दुपार जाते आणि त्याच्या वहीत पहिला पेन पॉइंट लिहिला जातो: स्टोरेज फुल.

पेन पॉइंट म्हणजे यूजरला जिथे टोचतं ती जागा. ती हुडकून काढायला जगभर म्हणे फार कौशल्य लागतं. यूजर संकोचतो, बरं बरं म्हणतो, मनातलं सांगत नाही. मग त्याला बोलतं करण्याच्या युक्त्या शिकवतात. पुण्यात या युक्त्यांचा तास पूर्ण वाया आहे. इथे बोलतं करण्याची नाही, थांबवण्याची युक्ती शिकवायला हवी. एका मुलानं आमच्या सोसायटीतल्या सर्वांत ज्येष्ठ आजोबांना विचारलं, "आजोबा, ऑनलाइन भाजी मागवताना तुम्हाला काय त्रास होतो?" उत्तराची सुरुवात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरापासून झाली. उत्तर १९७२ च्या दुष्काळापर्यंत पोचलं तेव्हा मुलाच्या फोनची बॅटरी संपली. ऑनलाइन भाजी अजून जमिनीत पेरायची होती.

माझं आयुष्य टपाल खात्यात काउंटरवर गेलं. म्हणजे मीही एक इंटरफेसच होते; जनता एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये जाळी. त्यामुळे या विषयात मला रस आहे. त्यातून माझी सख्खी भाची हेच शिकतेय. ती मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला चांगली नोकरी होती. एके दिवशी तिनं जाहीर केलं की ती नोकरी सोडून डिझाइन शिकणार. भावोजी भोसरीत टूलरूममध्ये होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की करणार काय?"

"उदाहरणार्थ बाबा, ॲपमधल्या बटणाचा कोपरा किती गोल असावा, यावर आमच्याकडे मीटिंग होते."

"आमच्याकडे कानस मारली की व्हायचं," भावोजी म्हणाले.

तरी हे फॅड आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चं. पुण्यात एलिफंट डिझाइन ही कंपनी १९८९ मध्ये सुरू झाली. पुढे विमाननगरला सिम्बायोसिसची, लोणी काळभोरला एमआयटीची डिझाइन संस्था निघाली. तिकडे अमेरिकेत डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या हुद्द्यातच 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घालून घेतले. तेव्हापासून जगात या पदाच्या नोकऱ्या निर्माण झाल्या. आता संस्थांमध्ये प्रवेश न मिळालेल्यांसाठी आणि फी न परवडणाऱ्यांसाठी क्लास आहेतच. पूर्वी ज्या जिन्यांवर 'टायपिंग-शॉर्टहँड' असा बाण असायचा, तिथे आता 'यूआय-यूएक्स, शंभर टक्के प्लेसमेंट' असा बाण असतो. जिना तोच, कठडाही तोच.

भाचीच्या बॅचमध्ये कोण कोण आहे म्हणून विचारलं. साइटवरच्या धुळीला कंटाळलेली एक आर्किटेक्ट, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले दोघं, बीकॉम झालेली मुलं आणि एक बीएएमएस डॉक्टर. डॉक्टर सगळ्यांत पुढे आहे म्हणे. यूजरची नाडी त्याला आधीपासून कळते.

ही सगळी मंडळी फिग्मा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं आणि एका फाइलवर दहा जण एकदम काम करू शकतात. प्रत्येकाचा नावासकट बाण पडद्यावर फिरत असतो, त्यामुळे कोण काम करतंय आणि कोणाचा बाण मघापासून एकाच जागी थिजलाय, ते सरांना घरबसल्या दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲडोबी कंपनीनं हे फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते मोडलं. देणंघेणं ठरलेलं, हॉल बुक झालेला आणि मग युरोप-ब्रिटनकडच्या नियामक भाऊबंदांनी हरकत घेतलेली, असं ते लग्न. डिझाइनवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. भाचीनं तर त्या दिवशी आम्हाला आइसक्रीम दिलं. कशाबद्दल, ते भावोजींना अजून कळलेलं नाही.

मला सगळ्यांत झोंबला तो 'पर्सोना'. ॲप कोणासाठी बनवायचं, तो एक काल्पनिक माणूस आधी कागदावर उभा करायचा. त्याला नाव द्यायचं, वय द्यायचं, आवडीनिवडी द्यायच्या. ॲलन कूपर या गृहस्थांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. कल्पना चांगली आहे. 'सगळ्यांसाठी' बनवलेली वस्तू शेवटी कोणालाच धड होत नाही. समोर एक माणूस दिसला की हात आवरतो. पण भाचीच्या गटानं भिंतीवर लावलेला पर्सोना मी पाहिला. 'मालतीकाकू, वय ६४, निवृत्त, कोथरूड. स्मार्टफोनला घाबरतात. नातवंडांवर अवलंबून. ध्येय: स्वावलंबी होणे.' वर फोटो एका गोऱ्यापान परदेशी बाईचा, पांढरे केस, समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपकडे बघून ती खदखदून हसतेय. लॅपटॉपकडे बघून इतकं हसणारी साठीची बाई मी तरी पाहिलेली नाही. लॅपटॉपकडे बघून आम्ही काय करतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी भाचीला विचारलं, "ही मी का?"

"नाही गं मावशी, हे काल्पनिक आहे."

"मग नातवंडांवर अवलंबून हे कोणी सांगितलं? आमच्या भिशीचे सगळ्यांचे पैसे यूपीआयनं मी जमा करते. सहलीचा गूगल फॉर्म मी केला. तुझ्या आईचा ओटीपी रात्री अकरा वाजता मलाच येतो, कारण तिनं सगळीकडे माझा नंबर दिलाय."

भाचीनं ते सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात भिंतीवर मालतीकाकू बदलल्या होत्या. 'स्मार्टफोनला घाबरतात' खोडून 'स्मार्टफोनवर रागावतात' केलं होतं. हे मात्र बरोबर आहे. आमच्या पिढीला भीती वगैरे काही वाटत नाही. अपमान वाटतो. आयुष्यभर मनीऑर्डरी बरोबर पोचवल्या आणि आता एक पाच इंचांची काच म्हणते, 'अवैध इनपुट'.

इंटरव्ह्यू झाला की यूजर टेस्टिंग. यात यूजरच्या हातात अर्धवट ॲप द्यायचं, एक काम सांगायचं आणि त्यानं ते करताना मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायचं. जेकब नील्सन या तज्ज्ञानं २००० मध्ये लिहून ठेवलंय की पाच यूजर बसवले तर ८५ टक्के दोष सापडतात, जास्त माणसांवर खर्च करू नका. नील्सन यांचा हिशेब पुण्याबाहेरचा असावा. इथे पहिलाच यूजर ॲपमधले सगळे दोष काढतो, ते बनवणाऱ्याच्या शाळेतले काढतो आणि निघता निघता कर्वे पुतळ्याच्या सिग्नलचेही सांगून जातो.

आमच्या ई विंगमधले निवृत्त मुख्याध्यापक सर हे या बाबतीत सोसायटीचं भूषण. त्यांच्याकडे औषधं मागवण्याचं ॲप घेऊन एक मुलगी आली, तेव्हा मी तिथेच होते. मुलीनं क्लासमध्ये घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं, "सर, आम्ही तुमची परीक्षा घेत नाही आहोत, ॲपची घेतोय."

"मग प्रश्न मला का विचारतेस?"

मुलगी क्षणभर थांबली. वहीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "सर, समजा तुम्हाला रक्तदाबाची गोळी मागवायचीय..."

"समजा कशाला? आहेच मला रक्तदाब."

मग सरांनी फोन हातात घेतला. त्यांचं बोट मी अगदी जवळून पाहिलं. तर्जनी ताठ, बाकीची बोटं मुठीत. पडद्यावर त्यांनी ती टेकवली आणि दाबून धरली. दाराची बेल दाबतात तशी, आतून कोणी 'आलो' म्हणेपर्यंत. फोनला वाटलं, हे लाँग प्रेस. त्यानं 'कॉपी, शेअर, डिलीट' अशी यादी समोर टाकली. "मी हे मागितलेलं नाही," सर म्हणाले. दुसऱ्यांदा टेकवलं, तर काहीच नाही. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी पडते आणि काचेला स्पर्शाची खबर लागत नाही. सरांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, वहीची पानं उलटायला लावत त्या सवयीनं. आता पडद्यावर ओला फराटा उठला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या जागी लहान मुलांचा डायपर बास्केटमध्ये गेला. मुलगी वहीत भराभर लिहीत होती. एवढं सोनं तिला एका बैठकीत कुठेच मिळालं नसतं.

पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच सांगून ठेवलंय: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते लवकर आणि बिनचूक गाठता येतं. त्याच धर्तीवर आज गूगल म्हणतं, बटणाची दाबायची जागा निदान ४८ डीपी ठेवा, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. ॲपलचा आकडा ४४ पॉइंटचा. हे सगळं माहीत असून ॲपमधला जाहिरात बंद करायचा फुली मारलेला चौकोन मोहरीएवढाच का असतो, हा प्रश्न मी भाचीला विचारला. ती म्हणाली, "मावशी, तो चुकून लहान झालेला नसतो." या विषयाकडे मी पुढे येणारच आहे.

टेस्ट संपल्यावर सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि मुलीच्या वहीत दहापैकी साडेचार दिले. वर शेरा: 'बटण मोठे काढावे. अर्धा गुण टापटिपीचा.' मुलीनं तो कागद पोर्टफोलिओत लावलाय असं कळतं. मुंबईच्या एका कंपनीनं तेवढ्यावर तिला मुलाखतीला बोलावलं.

यात गंमत अशी, की ज्या गोष्टी शिकायला ही मुलं पैसे मोजतात, त्यांतल्या बऱ्याचशा या शहरानं फुकट टांगून ठेवल्यात. नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला दरवाजा प्रसिद्ध आहे. दरवाजा ढकलायचा की ओढायचा, हे सांगायला जर पाटी लावावी लागली, तर दरवाजाच चुकलाय, असं त्यांचं म्हणणं. हा नियम पुण्याला लावला तर कसब्यापासून कात्रजपर्यंत सगळं शहर पाडून पुन्हा बांधावं लागेल. पण मी म्हणते, नॉर्मन यांनी पुण्यातली पाटी वाचलेली नाही.

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी ही पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर काळा रंग, अक्षर वळणदार: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते. दार उघडण्यास वेळ लागतो. तोपर्यंत कठड्याला टेकू नये. तो हलतो.'

भाचीनं फोटो काढला आणि मग तिनं मला ती पाटी तिच्या भाषेत समजावून सांगितली. नील्सन यांचे १९९४ चे जे दहा नियम आहेत, त्यांतला पहिला म्हणजे आत काय चाललंय ते यूजरला कळत राहिलं पाहिजे. 'ऐकू येते' म्हणजे तुमची आज्ञा पोचली. 'वेळ लागतो' म्हणजे काम चालू आहे; ॲपमध्ये गोल गोल फिरणारं चक्र असतं ते हेच. 'एकदाच वाजवावी' म्हणजे एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रोग्रॅमर करतात ती तजवीज. आणि कठड्याचं वाक्य हे तर चूक होण्याआधीच ती टाळण्याचं, कारणासकट. चार ओळींच्या पत्र्यात एवढं मावलंय. घरमालकांनी कुठला क्लास केलेला नाही. त्यांनी फक्त कठड्याला टेकलेली माणसं पाहिलेली आहेत.

भाचीनं हीच पाटी असाइनमेंट म्हणून दिली. क्लासच्या सरांनी गुण कापले. का, तर 'टोन'. पाटीत आपुलकी नाही म्हणे. मी ते दहाही नियम भाचीकडून मागून घेऊन वाचले. त्यांत साधी भाषा वापरा आहे, अडचणीचं कारण सांगा आहे, सुटकेचा मार्ग दाखवा आहे. गोड बोला, असा नियम एकही नाही.

याच्या शेजारी कुठलंही ऑनलाइन पैसे भरायचं पान ठेवून बघा. 'कृपया थांबा. बॅक दाबू नका. पान रिफ्रेश करू नका.' ही पण पाटीच की! पण किती वेळ थांबू? दाबलं तर काय होईल? पैसे गेले की राहिले? यातलं काही नाही. माणूस श्वास रोखून फोन तळहातावर आडवा धरून बसतो. सदाशिव पेठेतले गृहस्थ निदान कठडा हलतो एवढं तरी सांगतात.

पाट्यांचंच असं नाही, गावाच्या नावांचंही तसंच. एकासारखं दुसरं लेबल ठेवू नका, असा यूआयमधला धडा आहे. पुण्यात मारुती, विठोबा, मुरलीधर गल्लोगल्ली. मग जुन्या पुणेकरांनी केलं काय? जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. नाव एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्या देवळात जाणं शक्य नाही. भक्तीचं थोडं नुकसान झालं असेल, पण पत्ता चुकत नाही.

आणि पत्त्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या खात्याचं एक सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. भारतात एकाच नावाची गावं रगड, लिप्या अनेक, हस्ताक्षरं तर विचारूच नका. पत्रं देशभर हिंडून, थकूनभागून परत यायची. यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं सहा आकडे शोधून काढले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि उरलेले तीन तुमचं टपाल कार्यालय. ४११ म्हटलं की पुणे, ०३० म्हटलं की सदाशिव पेठ, ०३८ म्हटलं की आम्ही. तमिळ येत नसलेल्या पोस्टमनला तमिळ पत्ता वाचता येऊ लागला. वेलणकर संस्कृतचे कवी होते. फिग्मा नव्हतं, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायची पद्धत नव्हती. आज तुम्ही ॲपमधून इडलीपात्र मागवता, तेव्हाही ते ॲप आधी तेच सहा आकडे मागतं. भाचीच्या नोट्समध्ये स्टीव्ह जॉब्स पानोपानी आहेत, वेलणकर नाहीत. मी समासात पेनानं लिहून दिले.

नोट्समध्ये आणखी एक गोष्ट सापडली नाही. ही मुलं पोटतिडकीनं 'मराठी यूजर'बद्दल बोलतात आणि डिझाइन मात्र इंग्रजीत करतात. मराठी शेवटच्या दिवशी ओततात. मग होतं असं की इंग्रजी अक्षराच्या मापानं बेतलेल्या ओळीत देवनागरी मावत नाही. वरची वेलांटी छाटली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतो आणि किंमत मात्र तेवढी शाबूत राहते. र. कृ. जोशींसारख्या माणसानं पडद्यावरच्या देवनागरीसाठी आयुष्य वेचलं. विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचा. मुंबईच्या एक टाइपनं 'मुक्ता' फाँट फुकट उपलब्ध करून दिलाय. साहित्य हजर आहे, फक्त ओळीला थोडी उंची द्यायचीय. मी हे एका मुलाला बोलले तर तो म्हणाला, "काकू, ओळ वाढवली की स्क्रीनवर एक प्रॉडक्ट कमी बसतं." त्याची वही मला दिसत होती, तिच्यावर त्यानं स्वतःचं नाव इंग्रजीत घातलेलं होतं. वेलांटी त्यात मोडत नसावी.

हल्ली एआय आल्यापासून एका वाक्यात अख्खं ॲप तयार होतं म्हणतात. क्लासवाल्यांनी तेही अभ्यासक्रमात घातलंय. शिकवायचं निम्मं झालं, फी तेवढीच राहिली.

आता त्या मोहरीएवढ्या फुलीकडे येते. चुकून लहान न झालेल्या अशा गोष्टींना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये हे नाव दिलं. यूजरला गोड बोलून, गोंधळवून, त्याला नको ते करायला लावायचं. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नावं घेऊन बंद केले. यादी वाचताना मला पुण्यातल्या दुकानदारांची फार आठवण आली.

खोटी घाई: 'फक्त दोन उरले, लवकर घ्या!' पुण्यातला दुकानदार हे कधी म्हणेल? तो म्हणतो, 'संपलं.' समोर बरणीत दिसत असलं तरी संपलं, कारण ते कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. बास्केटमध्ये न मागितलेली वस्तू घुसडणं: इथे मागितलेली मिळाली तरी आपण घरी फोन करून सांगतो. चोरटी किंमतवाढ: पिशवीचे पैसे वेगळे, हे पिशवीपेक्षा मोठ्या अक्षरात आधीच लिहिलेलं असतं. सतत टोचणी लावणं: दुपारी एक ते चार दुकान बंद, तेव्हा तर ते आपल्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत. राहता राहिलं ग्राहकाला लाजवणं. 'नको' म्हणायच्या बटणावर 'नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहून खजील करतात, तो प्रकार. यात मात्र आम्ही जगाच्या पुढे आहोत, हे मान्य करायला हवं. पण पुणेकर लाजवतो ते निरपेक्ष बुद्धीनं. त्यातून त्याला विक्री करायची नसते.

भाचीनं प्रवेश घेतला, त्या दिवशी मी तिच्याबरोबर क्लासला गेले होते. एसी हॉल, रंगीत गाद्या, भिंतीवर 'यूजरवर प्रेम करा'. समोर बसलेली काउन्सेलर मुलगी इतकी गोड बोलत होती की मी पर्स घट्ट धरली. बॅचमध्ये दोनच जागा उरल्या होत्या. सवलत संध्याकाळी सहा वाजता संपणार होती. आकडा सांगून झाल्यावर जीएसटी आला, त्याच्यामागून 'पोर्टफोलिओ किट' आलं आणि त्याच्याही मागून 'मेंटॉर सपोर्ट' आलं. भाची म्हणाली विचार करून सांगते, तर ती हळूच म्हणाली, "बघा, करिअरबद्दल सीरियस असाल तर." आम्ही उठलो. मग आठवडाभर रोज फोन. सहाची सवलत पुढच्या शुक्रवारीही चालू होती आणि त्या दोन जागा, आजही उरलेल्या असाव्यात. भाचीनं शेवटी तिथेच नाव घातलं, कारण शिकवतात चांगलं. नवव्या आठवड्यात त्यांना डार्क पॅटर्नचा धडा होता. सरांनी विचारलं, याचं एखादं प्रत्यक्ष उदाहरण कोणी देईल का? म्हणे अख्ख्या बॅचचे हात वर गेले.

तेव्हा या धंद्यात शिरणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. बटण खुशाल पेठी भाषेत लिहा, आम्हाला सवय आहे. पण 'रद्द करा' हे 'पैसे भरा'च्याच मापाचं काढा. आणि वाचकहो, कोणी तुम्हाला मोहरीएवढी फुली दाखवून नको ते गळ्यात मारलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. दुपारी एक ते चारसुद्धा.